मॉयराबाईंची जबानी

शनिवारी सकाळी नऊला हरीश दाबकेनं पोलिसांना फोन केला. त्याची ऐंशी वर्षांची मावशी, वैजयंती, घरातून नाहीशी झाली होती.

दहाला डिटेक्टिव्ह वरदा परचुरे नॉटिंगहॅममधल्या त्या घरी पोचली. हरीशचे डोळे लाल होते. दाढी मात्र गुळगुळीत.

"आज बाहेर पडला होतात?"

"छे! आठपर्यंत झोपलेलो. उठलो तर तिची खोली रिकामी. हल्ली विसरते ती. गेली असेल चालत."

वरदाची नजर दारामागे गेली. मावशींचा वॉकर तिथंच होता.

"याच्याशिवाय चालतात त्या?"

"कधीकधी... भिंतीला धरून. शेजारणीला विचारा ना! तिनंही सांगितलंय, मी नेलं नाही म्हणून."

शेजारच्या मॉयराबाई मूळच्या स्कॉटलंडमधल्या डंडीच्या. त्यांची जबानी कॉन्स्टेबल पॉलनं शब्दशः उतरवली होती : 'ॲट सेव्हन आय वॉज कमिंग बॅक विथ माय मेसेजेस. आय डाउट हरीश टुक हर इन द कार.'

"बाई फोनमध्ये डोकं घालून चाललेल्या," पॉल म्हणाला. "त्यांना काय दिसणार? आणि हरीशनं नेलं असेल असं त्यांना वाटतच नाही."

वरदानं ते वाक्य पुन्हा वाचलं. काहीतरी खटकत होतं. ती उठली आणि शेजारची बेल वाजवली.

मॉयराबाईंच्या घरात फोन एकच, भिंतीवरचा. मोबाइल त्यांनी कधी घेतलाच नव्हता. ओट्यावर पाव, दूध आणि बटाट्यांची पिशवी होती.

"हेच ना तुमचे मेसेजेस?"

"मग दुसरे कुठले?" बाई वैतागल्या. "त्या पोलिसाला धड इंग्लिश येत नाही."

दहा मिनिटांनी वरदा हरीशसमोर बसली.

"स्कॉटिश माणूस बाजारहाटाला मेसेजेस म्हणतो. बाई दुकानातून येत होत्या, सात वाजता, मान वर करून. आणि त्यांचा 'डाउट'! माझी आई म्हणते ना, 'मला डाउट आहे, यानंच दूध सांडलं', अगदी तसा. इंग्रज डाउट घेतो तो नाही म्हणायला. स्कॉटिश माणूस घेतो तो हो म्हणायला. बाईंनी सातला तुमची गाडी जाताना पाहिली. मागच्या काचेत पांढरा अंबाडा होता. तुम्ही तर आठपर्यंत झोपला होतात. आणि वॉकरशिवाय मावशी फाटकापर्यंतही जात नाहीत, हेही बाईंनीच सांगितलं. कुठं आहेत त्या?"

हरीश खुर्चीतून अर्धवट उठला, पुन्हा बसला.

"घर विकायला ती सही देत नव्हती."

"मी ते विचारलं नाही."

"लेस्टरला," तो पुटपुटला. "मित्राच्या घरी, वरच्या खोलीत. दुपारी वकील येणार होता. ती हरवली असं सगळ्यांना वाटलं असतं, तर तिकडं कोणी शोधायला आलं नसतं."

साडेअकराला लेस्टरहून पोलिसांचा फोन आला. त्यांनी तो मावशींच्या हातात दिला.

"मावशी, बऱ्या आहात ना?"

"बरी आहे गं," पलीकडून खणखणीत आवाज आला. "हरीशनं पेन तीनदा हातात दिलं. मी तिन्ही वेळा खाली टाकलं."