पंपघराची किल्ली

किल्ली हातात पडली तेव्हा तिला आधी हसूच आलं. एवढीशी ती वस्तू, आणि ती मिळेना म्हणून तान्ह्याला घेऊन बसथांब्याच्या बाकावर राहायची पाळी आली होती! नवरा गेला तशी जावेनं तिची भांडीकुंडी दाराबाहेर मांडली. गावात कुणी खोली देईना. बेघरांचा निवारा शहरात, आणि शहरात तिचं होतं कोण? शेवटी सरकारी कचेरीतून गावाबाहेरच्या बंद पंपघराची खोली मंजूर झाली.

"एक खोली, एक कुटुंब," शहरातून आलेल्या मॅडमनी बजावलं. "दुसरं कुणी ठेवलंत तर खोली काढून घेऊ. उद्या सकाळी बघायला येणार आहे मी."

"मलाच कुणी ठेवून घेईना, मॅडम. मी कुणाला ठेवणार?"

सोबत आलेल्या म्हाताऱ्या चौकीदारानं दार ढकललं. आतून ओल्या लोखंडाचा वास आला.

"काका, किती गार आहे हो आत!"

"पंप बंद पडलाय, पण भिंतींना कुणी सांगितलं नाही," तो हसला. मग सहज बोलून गेला, "तुझं नशीब बरं, पोरी. मागच्या थंडीत एक बाई अशीच लेकरू घेऊन आली होती. खोली रिकामी, पण किल्ली शहरात. किल्ली येईपर्यंत या पायरीवरच बसून होती बिचारी..."

"मग?"

"मग काय... किल्ली आली," म्हातारा म्हणाला, आणि कंदील टेकवून लगबगीनं निघून गेला.

दिवेलागणीला धुकं उतरलं. भिंतीतला कोरडा नळ मधूनच घशात काही अडकल्यासारखा घरघरायचा. ती बाळाला पाजत बसली होती. तेवढ्यात दारावर टकटक झाली. अगदी खाली, उंबऱ्याजवळ. पायरीवर बसल्या बसल्या कुणी वाजवावं तशी.

"कोण आहे?"

"ताई... जरा आत घेता का? लेकरू गारठलंय हो..."

ती उठली. कडीला हात लावला. हेच शब्द तिनं स्वतः कितीतरी दारांशी म्हटले होते. पण मॅडमचं बोलणं आठवलं, बाक आठवला, बाळाचा बसलेला आवाज आठवला. हात मागे आला.

"माझ्या हातात नाही हो, बाई. शाळेच्या पडवीत बघा ना..."

"सगळीकडे बघितलं, ताई. किल्ली शहरात आहे म्हणाले..."

बाळाला छातीशी धरून ती दाराला पाठ लावून खाली बसली. बाहेर सगळं गप्प झालं. कडी होती तशीच होती. आणि समोर, कंदिलाचा उजेड पोचत नव्हता त्या कोपऱ्यातून, कुणीतरी दमून श्वास सोडला.

सकाळी मॅडम आल्या. खोलीभर नजर फिरवली.

"दुसरं कुणी नाही ना?"

तिनं कोपऱ्याकडे बघायचं टाळलं. "नाही, मॅडम."

"बरं. मग खोली तुमची."

गाडी वळणाआड गेली. ती पायरीवर उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली. जायचं तर जायचं कुठे? ती आत आली, आणि स्वतःच्या हातानं दार लावलं.

बाळाला तिनं गोधडीच्या मधोमध निजवलं. अजून कुशीवरही न वळणारं ते पोर डोळे मिटल्या मिटल्याच हळूहळू भिंतीकडे सरकलं. मोकळ्या जागेत गोधडी दबली. आधी मोठ्या अंगाएवढी. मग त्याला लागून, अगदी लहानशी.