बुटक्या पिसांचा बाण

ढगाळ दुपारी काशीच्या अमृतराव घाटावर शरदिनी धुणं पिळत होती, तोच एक बोथट बाण सणसणत आला आणि तिच्या ओल्या कपड्यांच्या ढिगात शिरला.

"माफ करा! निशाणा चुकला... लागलं नाही ना?" आखाड्यात धनुर्विद्या शिकवणारा बिंदुमाधव धापा टाकत पुढ्यात उभा होता.

तिनं बाण उचलून न्याहाळला. "निशाणा नाही, पिसं चुकलीत. केवढी उंच! गंगेवरच्या वाऱ्याला धरायला आयती जागा. रोज इथं धुणं वाळवते, वारा ओळखते मी."

तो हसला. मग तिचं कोरं कपाळ दिसलं—तरी नजर काढून घेणं त्याला जमलं नाही. लग्नानंतर वर्षभरातच शरदिनीचा नवरा गेला होता. तेव्हापासून ती काशीत मामांच्या घरी राबत होती.

दुपारी घाट ओस असे. तो बाण घेऊन येऊ लागला. ती कात्रीनं पिसं कापी, तो सरसानं चिकटवी. पानाच्या आकाराची, त्रिकोणी... त्रिकोणी पिसांचा बाण भुणभुणत जाई आणि अर्ध्यातच दमे.

"गिधाडाची पिसं आहेत," तो एकदा चाचरत म्हणाला. "लोक अशुभ मानतात..."

"माझ्याहून अशुभ आहेत का?"

त्यानं बोटांवरचा सरस पुसला. मग हळूच म्हणाला, "तुमचा हात लागल्यापासून माझा एकही बाण पाण्यात पडला नाही."

साफ खोटं! तरी तिचे गाल तापले.

शेवटी लांब पण बुटक्या पिसांचा बाण भर वाऱ्यातून सरळ गेला आणि चिखलात रोवलेल्या खांबावर आदळला.

"गजब!" त्यानं आनंदानं तिचा हात धरला—आणि सोडला नाही. "शरदिनी... माझ्याशी लग्न कराल?"

ती करड्या पाण्याकडे वळली. "मामा नाहीच म्हणतील. त्यांच्या लेकीचं, सीताचं लग्न ठरायचंय. तरी विचारा... मलाही कुणी मागणी घातली, हे त्या घरात एकदा ऐकू येऊ दे."

दुसऱ्याच दिवशी तो मामांच्या घरी आला. मामा कडाडले, "विधवेला मागणी? मग माझ्या पोरीला कोण करून घेईल? नीघ!"

पिठाचे हात तसेच घेऊन शरदिनी बाहेर आली. "मामा, सीताच्या आड मी येणार नाही." ती बिंदुमाधवकडे वळली. "पण माझ्या मनात तुम्ही आहात. माझ्या हाती असतं, तर मी हो म्हणाले असते."



"ऐकलं मी," बिंदुमाधव एवढंच बोलला आणि गल्लीत उतरला.

तो वळणाआड जाईपर्यंत शरदिनी सगळ्या गल्लीदेखत दारात उभी राहिली.