बाराशे दिवस, एकही घास नाही

कुंडीतल्या मातीवर पांढरट साय. अजून ओली. तिच्यावर मुंग्यांची रांग, धडधाकट आणि लगबगीची.

टेबलाच्या खालच्या खणात दात कोरायच्या काड्यांची डबी, निम्मी रिकामी.

भिंतीवर दारापेक्षा उंच चित्र. हसरे साहेब, हातात बाटली. खाली ठळक अक्षरं : 'बाराशे दिवस, एकही घास नाही.'

तळमजल्यावर एक स्वयंपाकघर. तीन वर्षं बंद. आत फ्रिज मात्र घरघरतोय.

कोठडीत एक बाई. ती सारखं एकच विचारतेय, "माझ्या लेकीला शेजारीण आज जेवू घालील ना?"

*

इन्स्पेक्टरबाईंना सकाळी एवढंच ठाऊक होतं : 'पूर्णघोट' हे जेवणाऐवजी प्यायचं पेय विकणारे साहेब काल संध्याकाळी दवाखान्यात वारले. रक्तात उंदीर मारायचं औषध सापडलं. साहेब बाटलीशिवाय काही तोंडाला लावत नसत, आणि त्यांची बाटली एकच बाई भरायची. तिला रात्रीच उचललं होतं. पाच वाजता कोर्टात उभं करायचं होतं. वरिष्ठांच्या मते प्रकरण मिटलं होतं.

बाईंच्या मते ते जरा जास्तच झटपट मिटलं होतं.

भरणारीला कारखान्यात सगळे 'तोळामासा' म्हणत. पावडर कणाकणानं तोलायची म्हणून.

"बाटलीला आणखी कोण हात लावतं?"

"कुणी नाही. माझ्या काट्याजवळ कुणी शिंकलं तरी मी हाकलते."

"साहेबांशी भांडण?"

"झालं ना, परवाच. कामगारांचं जेवण बंद करून बाटली दिली, डबा आणायलाही बंदी. माणसं वाळताहेत, असं मी लिहून दिलं."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, माझ्याकडे बघ. मी वाळलोय का?"

"वाळले होते?"

तोळामासा तशाही अवस्थेत फणकारली. "कुठले! शर्टाची बटणं जीव मुठीत धरून होती."

*

दवाखान्यातला डॉक्टर फोनवर वैतागलेला होता.

"काय खाल्लं, हे विचारलं होतंत?"

"तीनदा! तिन्ही वेळा एकच उत्तर. 'मी खात नाही, मी पितो.' जणू मीच अडाणी. मग त्या बाटलीमागे लागलो. ती निघाली धुतलेली. दोन तास त्यात गेले."

"आणि जेवलो म्हणाले असते तर?"

"तर ते ताट शोधलं असतं, विष वेळेत ओळखलं असतं. बहुधा वाचले असते."

बाईंनी फोन ठेवला आणि साहेबांच्या खोलीत गेल्या. हवालदार खण उपसत होता. त्यानं काड्यांची डबी खुळखुळ वाजवली.

"बाई, तीन वर्षांचा उपाशी माणूस दात कशाला कोरतो हो?"

बाई कुंडीपाशी वाकल्या होत्या. साय बोटावर घेऊन त्यांनी हुंगली. गोडसर वास. तोच, बाटलीचा.

"कालची बाटली या झाडानं प्यायली," त्या म्हणाल्या. "मुंग्या तर सकाळपासून पंगतीला बसल्यात. एकही मेलेली नाही."

"म्हणजे बाटलीत विष नव्हतं?"

"आणि साहेबांच्या पोटात बाटली नव्हती. चल, खालच्या बंद स्वयंपाकघरात."

*

मावशी फरशी पुसत होत्या. बावीस वर्षं त्या या कॅन्टीनच्या स्वयंपाकीण होत्या. ते बंद झालं तेव्हा साहेबांनी मोठ्या मनानं त्यांच्या हातातला झारा काढून फडकं दिलं होतं. नवरा माल चढवायच्या धक्क्यावर. गेल्या वर्षी डब्यावरही बंदी आली, त्यानंतर आठ महिने नुसत्या बाटलीवर राहून एक दिवस भोवळ आली, धक्क्यावरून पडला तो गेलाच.

"हा फ्रिज कशाला चालू ठेवलाय, मावशी?"

फडकं थांबलं. "पाण्याच्या बाटल्या असतात."

बाईंनी दार उघडलं. पाण्याच्या बाटल्या होत्याच. सर्वांत वरच्या कप्प्यात मात्र एक वाटीएवढा डबा. झाकणावर चिकटवलेला कागद : कालची तारीख, 'दुपार'.

हवालदार झाकणाला हात घालणार तोच मावशी कडाडल्या, "शिवू नको!"

मग त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो. त्या पिंपावर टेकल्या.

*

"माझा भाऊ वसतिगृहात स्वयंपाक करतो," बाई शांतपणे म्हणाल्या. "वाढण्याआधी जे शिजलं त्यातलं थोडं काढून ठेवायचं, तारीख घालायची, एक दिवस जपायचं. उद्या कुणाला बाधलं तर तपासता यावं म्हणून. बावीस वर्षांची सवय, मावशी. काल जेवणारा एकच होता आणि त्याला बाधावं म्हणूनच शिजवलं होतं. तरी हात नेमानं फ्रिजकडे गेला."

"मेला हात," मावशी तळव्याकडे बघत म्हणाल्या. "डोक्याचं ऐकतो कुठं?"

"पुसायच्या बादलीतून वर न्यायचात ना? वर फडकं टाकून. साहेब दार लावून जेवायचे, बाटली कुंडीत ओतून धुवायचे. वर ऐटीत रिकामी दाखवायचे. त्यांचं खोटं झाकून ठेवणाऱ्या तुम्ही एकट्याच. कधीपासून?"

"नवरा गेला त्याच्या तेराव्या दिवसापासून. साहेब मला बोलावून म्हणाला, तुझ्या हातची चव आठवते. मी विचारलं, साहेब, कधीपासून जेवताय? हसला. म्हणाला, अगं, पहिल्या आठवड्यापासूनच, घरून यायचं." मावशींचा आवाज सपाट होता. "माझा माणूस त्या चित्राकडे बघून पीत होता. म्हणायचा, साहेबाला जमतं तर आपल्याला का नाही. चार महिने घातलं मी साहेबाला, चवीचं, पोटभर. सवय लावली. मग काल वाढलं."

"आणि ती बाटली भरणारी पोरगी? कोठडीत आहे."

मावशींनी मान खाली घातली. "उद्या येणारच होते मी. एक दिवस हवा होता. 'बाटलीनं मेला' असं छापून यावं, दुकानादुकानांतून ती बाटली बाहेर फेकली जावी."

बाई त्यांच्याशेजारी दुसऱ्या पिंपावर बसल्या.

"मावशी, बाटलीनं मेला म्हटलं तर तो शब्दाला जागून मेला. खरं सांगितलंत तर तो जेवून मेला. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, त्यानं तीनदा खोटं सांगितलं. जीव गेला पण ते चित्र उतरवलं नाही. सांगा, काय छापून यायला हवं?"

मावशींनी फडकं पिळून बाजूला ठेवलं. मग प्रथमच हसल्या. ते हसू बघून हवालदारानं नजर वळवली.

"लिहा," त्या म्हणाल्या. "काय काय खाल्लं तेही लिहा. मी सांगते, पहिल्या दिवसापासून."

पाचला वीस कमी असताना तोळामासा सुटली.

तीन वर्षांपूर्वी, कॅन्टीनच्या शेवटच्या दुपारी, जेवणावरून सगळ्यांत उशिरा उठले ते साहेब. त्यांनी दोनदा वाढून घेतलं होतं.