कावडीएवढं अंतर

“आणि हे चौदा चाफे दिवाणसाहेबांनी डहाणूहून हत्तीवरून आणवले!”

तुळशीदास गाईडनं हात असा पसरला, जणू हत्ती त्यानंच बांधून ठेवलाय. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या.

“हत्ती?” मागून आवाज आला. असा आवाज, की चाफ्यावरच्या साळुंक्या उडाल्या त्या थेट मोखाड्याला जाऊन टेकल्या. “या घाटात हत्ती? कोणी बघितला?”

ती पोशी. खोडाळ्याची. ठाण्याला दवाखान्यात नर्स, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली. जव्हारची ही जुनी बाग बघायला मुद्दाम आली, कारण इथले चाफे तिच्या पणज्यानं, जिवा त्याचं नाव, खांद्यावरून आणलेले. आणि इथं त्याचा हत्ती झाला!

“माझ्या पणज्यानं कावडीतून आणली झाडं. सात खेपा. चालत!”

“पुरावा?” तुळशीदास हसला. गालाला खळी पडली. त्या खळीचा तिला आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी ती आली, ती घरच्या माळ्यावरची, पणज्याच्या कावडीची काठी घेऊन. चांगली चार हात लांब. एसटीत कंडक्टरशी भांडून आणलेली.

“धरा तिकडून.”

दोन चाफ्यांच्या खोडांना लागून काठी आडवी झाली. या खोडाच्या मध्यापासून त्या खोडाच्या मध्यापर्यंत... बरोब्बर! पुढची जोडी, तीही. सातही जोड्या.

“दोन पारड्यांत दोन रोपं,” पोशी म्हणाली. “काठी टाकली, दोन टोकांना दोन खड्डे केले. दुसरं माप होतं कुठं त्याच्याकडं?”

तुळशीदासची खळी गेली. “चार वर्षं झाली... झाडं जोडीनं का, हे मी कधी विचारलंच नाही.”

“उद्या खरं सांगा.”

“हत्तीला टाळ्या पडतात हो. कावडीला कोण वाजवणार?” मग हळूच, “रागावलात की तुमचं नाक लाल होतं...”

“नाक बागेतलं नाही. त्याची माहिती देऊ नका!”

तिसरा दिवस. दुपारी तिची ठाण्याची गाडी. काठी अजून चाफ्याला टेकलेली, आणि पोशी कुंपणामागं कान टवकारून उभी.

“हे चौदा चाफे खोडाळ्याच्या जिवानं आणले,” तुळशीदास सांगत होता. “कावडीतून. सात खेपा. चालत.”

एकही टाळी नाही. फक्त एका म्हाताऱ्या बाईनं खोडावरून हात फिरवला. पोशीचे डोळे भरले, आणि नेमकी तेव्हाच ती त्याला दिसली.

“त्याची पणती,” तो अडखळला, “तीन दिवस गाईडला झापतेय. आज ती जाणार... आणि गाईडला आता करमणार नाही.”

“चूक!” पोशी पुढं आली. नाक लालेलाल. “ती पुढच्या शनिवारी परत येणार आहे. अर्धवट माहिती का देता?”

आता मात्र टाळ्या पडल्या!

“टाळ्या कसल्या ऐकताय? माझी गाडी चुकेल. आणि ही काठी मी ठाण्याला नेऊ का? खोडाळ्याला आईकडं पोचवा. तिला हत्ती सांगाल तर बघा!”

काठीचं एक टोक तिनं धरलं, दुसरं त्यानं, आणि दोघं डेपोकडं निघाले. निघताना दोघांमधली काठी चार हात होती. डेपोत पोचली तेव्हा जेमतेम वीतभर उरली होती, असं तिथला पानवाला अजून शपथेवर सांगतो.