पंचाखालचा भाव

जुन्या वस्तूंची किंमत ठरवणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि ते मला चांगलं जमतं. आधी मी भोरमध्ये मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होतो. तिथं एकदा फुटक्या काचेनं उजव्या हाताचं मधलं बोट कापलं, टाके पडले, आणि बोटावर एक आडवी पांढरी खूण कायमची राहिली. दुकान बंद पडल्यावर मी किकवीत घरीच उद्योग सुरू केला. लोकांच्या जुन्या वस्तूंचे नीट फोटो काढायचे, ऑनलाईन जाहिरात टाकायची आणि गिऱ्हाईक आलं की सौदा लावून द्यायचा.

यात फोटो काय, कुणीही काढेल. खरी परीक्षा किमतीची. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण ज्यानं काढली त्यानं नक्की जुना फ्रीज विकायला काढला असणार. म्हणून मी विकणाऱ्याचं ऐकत नाही आणि घेणाऱ्याचंही नाही. नवी वस्तू कितीला येते ते बघतो, वर्षं वजा करतो, झीज वजा करतो, तसलीच वस्तू आसपास कितीला गेली ते ताडून बघतो. माणसं खोटं बोलतात, झीज बोलत नाही.

गेल्या उन्हाळ्यात धायरीहून वैष्णवीचा फोन आला. तिची आई फुलाबाई मार्गासनीच्या वर, डोंगरातल्या एका वस्तीवर एकटीच राहायची. वडील, चिमाजी, आदल्या आषाढात वारले होते. त्याच पावसाळ्यात म्हातारी अंगणात घसरून पडली आणि रात्रभर चिखलात पडून राहिली. हाक ऐकायला शेजारी कुणी उरलंच नव्हतं.

"दादा, या पावसाच्या आधी तिला खाली आणायचीय," वैष्णवी म्हणाली. "अजून एक पावसाळा ती काढायची नाही. पण गोठ्यातलं कुट्टी मशीन विकल्याशिवाय उतरणार नाही म्हणते. तेवढं तुम्ही विका."

कडबा बारीक करायचं मशीन, त्यात काय अवघड? मी दुसऱ्याच दिवशी गाडी काढली.

गोठा रिकामा होता. शेळ्या विकल्या होत्या, म्हैस विकली होती, पण शेणामुताचा वास अजून भिंतींत होता. मशीन कोपऱ्यात उभं होतं. मोठं लोखंडी चाक, चाकाला हातानं फिरवायची लाकडी मूठ, आणि बाजूला नंतर जोडलेली मोटार. सगळ्यावर बोटभर धूळ बसलेली, कडबा सारायच्या तोंडावर कोळ्याचं जाळं.

फक्त मूठ स्वच्छ होती. रोज हातात असणाऱ्या लाकडाला चढते तशी तिच्यावर चमक होती.

"मावशी, मूठ तेवढी पुसता वाटतं?"

"न्हाई बाबा. म्या त्येला हातच लावत न्हाई." त्या काठीवर हनुवटी टेकून दारातच बसल्या होत्या. आत आल्या नाहीत. "ह्येंची दोन बोटं त्यात गेली. लाईट नव्हती. ह्ये कडबा सारत हुते, आन् चाक म्याच फिरवत हुते."

चिमाजी गुरांच्या बाजारात दलाली करायचे, हे मला माहीत होतं. तिथं भाव तोंडानं कुणी बोलत नाही. पंचाखाली दोघांनी हात घालायचे आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. बोटं गेल्यावर त्यांचा धंदा संपला.

"थोट्या हाताचा भाव कळंना कुणाला," मावशी म्हणाल्या. "लोकं हसायची. मंग बाजारच सोडला. बसायचे हितंच, मशीनकडं बघत." मग त्या माझ्याकडं वळल्या. "त्येची बराबर किंमत आली पायजे. कमी न्हाई आन् जादा बी न्हाई."

जादा नको म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं. मी हिशेब केला, अठरा हजार लावले आणि खाली आलो.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. भाटघरचा एक दूधवाला, माणूस एकदम खूश. पाती बघितली, मोटार बघितली, मूठ धरून चाक एकदा फिरवलं. आणि तिथंच थांबला. हात काढून त्यानं विजारीच्या खिशात घातला. "घरी विचारून सांगतो," म्हणाला आणि गेला तो गेलाच.

दुसरा सिद्धनाथ, आमच्या किकवीचा. सोबत पिकअपच घेऊन आला होता. त्यानंही मूठ धरली, झटक्यानं हात मागं घेतला आणि खिशात घातला. मी किंमत उतरवून आणखी एकाला आणलं. तोही उतारावरून जाताना उजवा हात डाव्या हातात धरून चालला होता.

रात्री मी सिद्धनाथला फोन केला. "माझी किंमत चुकली का रे?"

"किंमत न्हाई चुकली," तो म्हणाला. "कुणीतरी माझ्याशी सौदा कराय लागलं हुतं, सोमनाथ. म्या हात काढून घेतला."

त्यानं फोन ठेवला. मला त्याचा राग आला. त्याहून जास्त काळजी वाटली, कारण रोज दुपारनंतर राजगडाच्या मागं ढग जमायला लागले होते आणि मावशी अजून वरच होत्या. मी पुन्हा वर गेलो.

"मावशी, आहे त्या किमतीला देऊन टाकू. नाहीतर फुकट देऊ, पण तुम्ही चला."

"तू समद्यांस्नी इचारलंस," त्या म्हणाल्या. "मोबाईलला इचारलंस. ज्येचं हाय, त्येला न्हाई इचारलंस."

त्यांनी आतून चिमाजींचा धुवट पंचा आणला, माझ्या हातात दिला आणि परत दारात जाऊन बसल्या. म्हातारीचं मन मोडायचं नाही, एवढ्याचसाठी मी तो मुठीवर पसरला आणि खाली उजवा हात घातला.

लाकूड लागेल असं वाटलं होतं.

हात लागला.

कोरडा, खरबरीत, उन्हात बसलेल्या माणसाचा असतो तसा ऊबदार हात. त्याला अंगठा होता. करंगळी होती, तिच्या शेजारचं बोट होतं. मध्ये दोन गुळगुळीत खुंट.

मी दाराकडं बघितलं. टळटळीत दुपार होती. मावशी उंबऱ्यावर बसल्या होत्या, त्यांचे दोन्ही हात काठीवर होते.

तो हात माझा हात चाचपत होता. बैलाचा खांदा, गुडघा चाचपतात तसा, घाई न करता. मनगट झालं. तळवा झाला. मधल्या बोटावरच्या खुणेपाशी तो जरा थांबला.

मग त्यानं माझी दोन बोटं धरली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं. धरली आणि एकदा घट्ट दाबली.

मला हात काढून घ्यायचा होता. पण माझं अंग हललं नाही.

हात सुटला. पंचाखाली आता नुसती मूठ होती.

"किती?" मावशींनी विचारलं.

"दोन." मी पंचा उचलला. "वीस हजार म्हणायचं असेल."

"कशाचं दोन, ते आधी तोंडानं बोलायचं असतंय. हजार का धा हजार. मंगच हात घालायचा. तू बोललास का?"

"नाही."

"आन् हात काढून घेतलास?"

"नाही."

"मंग सौदा झाला," त्या हळू म्हणाल्या आणि कितीतरी वेळ माझ्या हाताकडं बघत राहिल्या.

मी वीस हजार लावले. सगळ्यात जास्त किंमत, आणि वेल्ह्याच्या एका माणसानं हूं की चूं न करता दिली. त्यानं मूठ धरून चाक चार वेळा फिरवलं, हसला आणि मशीन टेम्पोत चढवलं. मावशी त्याच दिवशी लेकीबरोबर खाली उतरल्या. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. खरंच आनंद झाला मला.

संध्याकाळी घरी मोबाईल उघडायला बोट टेकवलं, तर मोबाईल उघडेना. घाम असेल म्हणून पुसलं. मधलं बोट टेकवलं, तरी नाही. पुढं ती दोन बोटं नव्यानं नोंदवायला गेलो, तर मोबाईल ती घेईचना. रेशनच्या दुकानातल्या यंत्रानंही नाकारली.

"लई राबणाऱ्याचं असं व्हतं," दुकानदार म्हणाला. "रेघा झिजत्यात."

मी हसलो. दिवसभर मोबाईलवर बोट फिरवणारा माणूस मी, मला कसली झीज! तेव्हापासून आकडे दाबूनच मोबाईल उघडतो.

आषाढात चिमाजींच्या वर्षश्राद्धाला मायलेकी वर गेल्या होत्या. दुपारी वैष्णवीनं फोन लावून आईकडं दिला. मावशी रडत होत्या, पण आवाज सुखाचा होता.

"गोठ्यात बसलीया रं, बाबा. पंचा आणला हुता, मशीन हुतं त्या जागंवर पसरला. म्हणलं, निरोप तरी घ्यावा."

"मग?"

"पाची बोटं हायती ह्येंची. समदी हायती. आता बाजारात बसतील." त्यांनी नाक ओढलं. "दोन लई मऊ हायती, पोराची असत्यात तशी. आन् मधल्यावर एक आडवी खूण लागती हाताला, कापल्यावानी."

फोन माझ्या डाव्या हातात होता. उजवा समोर टेबलावर होता. मी तो खिडकीच्या उजेडात सरकवला. मधल्या बोटावर खूण नव्हती.

"मावशी," मी म्हणालो, "हात सोडा आता. घरी जा."

"सोडवत न्हाई रं," त्या म्हणाल्या. "जराशी बसते."

मी फोन ठेवला. खोलीत मी एकटाच होतो. टेबलावरच्या माझ्या त्या दोन बोटांवरून एक म्हातारा, थरथरता हात मायेनं फिरत होता.