नाव सांगा, काम सांगा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. खोटं बोलून मला काही मिळायचं नाही. यातला माणूस माझ्या मावसबहिणीचा नवरा. गॅसचे गीझर बसवतो, म्हणून सगळे त्याला गीझरभाऊच म्हणतात.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवार. दिवेलागणीची वेळ.

दुपारी त्याने चौथ्या मजल्यावरच्या एका निवृत्त बाईंकडे गीझर बसवला होता. बाई एकट्या. तोंडाने फटकळ, पण चहा दोनदा दिला. मध्येच त्यांचा फोन वाजला आणि आपोआप गप्प झाला.

"दरवान ठेवलाय फोनमध्ये," बाई म्हणाल्या. "अनोळखी नंबर आला की तोच विचारतो, नाव सांगा, काम सांगा. फालतू असला तर परस्पर वाटेला लावतो."

"आणि यमाचा फोन आला तर?"

"त्यालाही आधी काम विचारेल मेला!"

दोघंही हसले. सिलिंडर संध्याकाळी यायचा होता, म्हणून गीझर चालवून बघायचं राहिलं.

संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाला, पुढच्या गिऱ्हाइकाकडे त्याने पिशवी उघडली...

फडकं नव्हतं.

भिंतीला भोक पाडताना चुरा आत जाऊ नये म्हणून ही माणसं धुराच्या पाइपात फडकं कोंबतात. काम झालं की काढतात.

तो काढायला विसरला होता.

पाइप बंद म्हणजे विषारी वायू न्हाणीघरातच कोंडणार. त्याला वासही नसतो.

त्याने स्कूटर काढली. एका हाताने फोन लावला.

"नाव सांगा. काम सांगा." यंत्राचा आवाज.

"गीझरवाला बोलतोय! बाईंना सांगा, गीझर..."

"सेवा नको आहे. धन्यवाद."

फोन कट.

पुन्हा लावला.

"अहो, विकायला नाही आलो! जिवाचा प्रश्न आहे!"

"असे फोन रोज येतात. धन्यवाद."

तिसऱ्यांदा लावला... आवाज जरा वेगळा होता. बाईमाणसाचा. मागे पाणी वाहत होतं.

"बाई आंघोळीला गेल्यात. काम सांगा."

त्याने सगळं सांगितलं. फडकं, पाइप, धूर.

मागे पाणी वाहतच होतं...

"मग आता सांगून काय उपयोग?"

तो पोचला तेव्हा शेजाऱ्यांनी दार फोडलं होतं. बाई गेल्या होत्या.

सगळे बाईंभोवती जमलेले. तो एकटाच न्हाणीघरात शिरला. पाइपातलं फडकं ओढलं. खिशात घातलं.

कुणी पाहिलं नाही.

"नेमका बाईंचा फोनही जवळ नव्हता हो," शेजारीण रडत होती. "तुम्ही गेलात आणि माझ्याच हातून पडून फुटला. दुरुस्तीला दुकानात टाकलाय. नाहीतर कुणाला हाक तरी मारली असती."

मग आपल्याशी बोललं कोण?

विचारणार कसा? 'तुम्ही फोन का केला होतात,' असं कुणी उलट विचारलं तर?

न्हाणीघराची खिडकी बंद होती म्हणून घडलं, असं ठरलं. यानेही मान डोलावली.

आठवड्याने त्याने बायकोला फोन लावला. उशीर होईल, एवढंच सांगायला.

"नाव सांगा. काम सांगा."

मागे पाणी वाहत होतं...

"अगं, मी... उशीर होईल."

"खरं काम सांगा."

पाण्याचा आवाज वाढत चालला. त्याने सगळं ओकून टाकलं. फडकं कसं राहिलं, कसं काढलं, कसं लपवलं. "पण माझ्या बायकोला सोडा हो!"

पाणी थांबलं.

"अहो..."

बायकोचाच आवाज.

"फोन पहिल्यापासून मीच उचललाय. स्वयंपाकघरात उभी आहे. पाणीबिणी काही नाही इथे... काय म्हणालात तुम्ही आत्ता?"

बहीण सध्या माझ्याकडे राहते. रोज संध्याकाळी तिचा फोन वाजतो. ती नुसता कानाला लावते. पलीकडून तो हळूच नाव सांगतो... मग काम. सगळं, पहिल्यापासून. तिने काहीच विचारलेलं नसतं.

परवा न राहवून मी म्हटलं, "एकदाचा तुझा नंबर बंद करून टाक ना गं."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"केलाय, ताई. त्याच आठवड्यात."