आसावरी पहिली

“फ्राउके... ऐक ना माझं. झालं गेलं विसर. घरी चल.”

धुक्यातून पुरुषाचा आवाज आला आणि आसावरीनं गाडी थांबवली. व्हँकुव्हरला मावसबहिणीकडे शनिवार-रविवार घालवून ती सीमेअलीकडे बॉथेलला आपल्या घरी परत निघाली होती. हायवेवरची गर्दी टाळायला तिनं लिंडन गावाच्या आतला रस्ता धरला होता. दोन्ही बाजूंना ओली कुरणं, बारीक भुरभुर, आणि समोर कुणीतरी बायकोची मनधरणी करतोय! नवराबायकोच्या भांडणात पडू नये हे खरं. पण ऐकायला काय हरकत आहे? तिनं हळूच काच खाली केली.

“तू अशी रुसलीस की मला जेवण जात नाही, माहितीये ना? आणि बेप्पेला मी काय सांगू?”

धुकं जरासं हललं. गुडघ्यापर्यंत गमबूट चढवलेला एक उंच तरुण रस्त्याच्या मधोमध उभा होता. त्याच्यासमोर मान वळवून, नाक फेंदारून उभी होती एक काळीपांढरी गाभण गाय.

आसावरीला इतकं हसू फुटलं की हॉर्नवर हात पडला. तो दचकून वळला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

“सॉरी! ही फ्राउके चौऱ्याऐंशी. जरा हट्टी आहे.”

“आणि आधीच्या त्र्याऐंशी?”

“हिच्याहून हट्टी,” तो गंभीरपणे म्हणाला. “तुम्ही त्या बाजूनं छत्री उघडून उभ्या राहाल का? प्लीज?”

आता परक्या रस्त्यावर, परक्या माणसाच्या गायीसाठी, ऑफिसचे नवे बूट चिखलात घालून कोण उभं राहील? आसावरी राहिली. पिवळी छत्री पाहून फ्राउकेबाईंनी एक सुस्कारा सोडला आणि मुकाट्यानं फाटकातून आत गेल्या.

“मी वीबे. वीबे डायक्स्ट्रा.” त्यानं पँटला हात पुसून पुढे केला.

“एव्ही.”

“ते हाक मारायचं झालं. खरं नाव?” तिच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य पाहून तो घाईनं म्हणाला, “म्हणजे... आम्ही डच लोक. आमच्याकडे प्रत्येकाला दोन नावं. एक चर्चमध्ये ठेवलेलं, लांबलचक, आणि एक जेवायला बोलवायचं.”

“आसावरी,” ती म्हणाली. मग का कोण जाणे, पुढचंही म्हणाली. “आसावरी श्रीराम कोल्हटकर.”

“आ... सा... व... री.” एकही अक्षर सांडू नये अशा बेतानं त्यानं ते उच्चारलं. “आणि याला तुम्ही एव्ही करून टाकलंत?”

ती हसून गाडीत बसली खरी. पण बॉथेल येईपर्यंत तो आवाज कानात होता. आणि खिशात त्याचा नंबर होता, कारण फ्राउकेला काय होतं, कालवड की गोऱ्हा, ते कळायला नको का?

त्यानंतर आसावरीला दर शनिवारी लिंडनमध्ये काही ना काही काम निघू लागलं. कधी बटाटे हवेत, कधी चीज, एकदा तर नुसतीच ताजी हवा. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं, त्यामुळे दोघं तुम्हीवरून तूवर कधी आले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“आमच्याकडे वीबेच्या मुलाचं नाव श्योर्ड आणि श्योर्डच्या मुलाचं नाव वीबे,” एकदा कुंपणावर बसून तो सांगत होता. “पहिल्या मुलाला आजोबांचंच नाव. शंभर वर्षं आमच्या घरात दुसरं नाव शिरलेलं नाही.”

“आमच्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवायचे. आणि डायक्स्ट्रा म्हणजे काय?”

“बांधावर राहणारे.”

“अरे, मग तू वीबे बांधकर!”

तो इतका हसला की कुंपणावरून पडता पडता राहिला. सावरताना त्याचा हात तिच्या हातावर आला... आणि सावरून झाल्यावरही तिथेच राहिला.

त्याची आजी, म्हणजे बेप्पे, ऐंशी ओलांडलेली, पण दूध काढायच्या यंत्राचा आवाज बदलला की घरातून ओरडायची. गावातल्या डच म्हाताऱ्यांचा एक आवडता खेळ होता. नव्या माणसाला आडनाव विचारायचं, मग आईचं आडनाव, मग गाव, आणि कुठेतरी नातं लागेपर्यंत सोडायचं नाही. बेप्पेनं आसावरीलाही सोडलं नाही. “कोल्हटकर. आईकडचे? बरं, ते कुठले?” नातं काही लागेना. पण आसावरी मात्र चाट पडली. कुठलंही मराठी माणूस भेटलं की तिची आई हुबेहूब हेच करायची!

एका संध्याकाळी तिनं वीबेला ते सांगितलं. सांगावं की नाही याचा घोळ बरेच दिवस चालला होता.

“पुढच्या महिन्यात माझी कोर्टाची तारीख आहे. नाव बदलतेय. ऑफिशियली एव्ही.”

वीबेनं हातातली बादली खाली ठेवली.

“तुला नाही कळणार. इथेच जन्मले, इथेच वाढले, तरी शाळेपासून तेच. हजेरी घेताना माझ्या नावाआधी बाई थांबायच्या. आता स्टेजवर बोलवताना बॉस थांबतो. तेवढ्या थांबण्याचीच मला लाज वाटते रे. लहानपणापासून वाटत आलीये.”

“नाव कुणी ठेवलं होतं?”

“बाबांनी. रोज सकाळी दाढी करताना ते आसावरी राग गुणगुणायचे. ते गेले त्याला पाच वर्षं झाली.” तिनं मान फिरवली. “आईला सांगितलं तर ती ‘बरं’ म्हणाली. फक्त बरं.”

“तुझं नाव आहे. तुझी मर्जी,” तो सावकाश म्हणाला. “पण मग ते जुनं नाव... जाणार कुठे?”

“कुठे जाणार? हवेत.” ती हसली. तो हसला नाही.

मे महिन्यात फ्राउके व्याली. ‘कालवड झाली!’ असा वीबेचा मेसेज आला आणि खाली लिहिलं होतं, ‘रविवारी ये. आईलाही आण.’

सुमेधा कोल्हटकर म्हणजे आसावरीची आई, लहान मुलांची डॉक्टर, नुकतीच रिटायर झालेली. मुलीचे बटाटे हल्ली इतक्या लांबून का येतात, हे तिनं आजवर विचारलं नव्हतं. तिनं ठेवणीतली कलाबतूची साडी नेसली, वर रेनकोट घातला आणि गोठ्यात शिरताच कालवडीपाशी जाऊन उभी राहिली. मग तिची नजर वर गेली. कालवडीच्या कप्प्याच्या दारावर लाकडी पाटी होती आणि तिच्यावर खडूनं इंग्रजीत लिहिलं होतं – आसावरी १.



“वासराला?” सुमेधाताई म्हणाल्या. “श्रीरामनं ठेवलेलं नाव... वासराला?”

आसावरीचं डोकं भणभणलं. आईसमोर, आणि असं! “व्हॉट इज धिस, वीबे? जोक आहे का हा? माझं नाव तुला गायीला ठेवावंसं वाटलं?”

“जोक नाही. म्हणजे मी... ते...” बिचारा शब्द शोधत होता आणि शब्द धुक्यातल्या गायीसारखे हाती लागत नव्हते. शेवटी जे सापडलं ते नेमकं चुकीचं निघालं. “तू तर ते टाकूनच देत होतीस ना!”

झालं. आसावरी गाडीत जाऊन बसली आणि दार धाडकन आपटलं. आई मागोमाग येऊन बसली. आसावरीनं चावी लावली. राग वीबेचा होता, पण डोळ्यांतलं पाणी मात्र त्याच्या त्या एका वाक्याचं होतं. कारण ते वाक्य खरं होतं.

काचेवर टकटक झाली. बाहेर गमबूट घातलेली बेप्पे.

“पाटी पाहिलीस? बाकीच्या पाहिल्यास का?” तिनं विचारलं. “आमच्या गोठ्यात गायीची लेक आईचंच नाव घेते. पुढचा आकडा, नाव तेच. त्यामुळे इथे गायींची घराणी दोनच. एक फ्राउके. ती मी. लग्नाआधी वीबेच्या आजोबांनी माझं नाव कालवडीला दिलं होतं. दुसरं हिल्के, ती माझी सून. या घरात मुलीला मागणी घालायची हीच पद्धत आहे. पोरगा मुखदुर्बळ असतो, पाटी बोलते.”

आसावरीनं काच पूर्ण खाली केली.

“आता ही फ्राउकेची लेक. हिनं फ्राउके पंच्याऐंशी व्हायचं. पण नातू माझ्याकडे आला. म्हणाला, बेप्पे, एक चांगलं नाव रस्त्यावर टाकलं जाणार आहे, ते मला घरात घ्यायचंय. तुझ्या नावातला एक आकडा दे.” म्हातारीनं आसावरीकडे बोट रोखलं. “मी कुणालाही देत नाही हं. तुला दिला. पसंत नसेल तर खडू आहे, पुसता येतो.”

बेप्पे गेली.

“म्हणजे या घरात,” सुमेधाताई हळूच म्हणाल्या, “नाव मुलींनी चालतं.” “तू झालीस तेव्हा तुझ्या आजोबांचं पत्र आलं होतं. मुलगी झाली, आता श्रीरामचं नाव कोण चालवणार म्हणून. श्रीराम हसला होता फक्त. आणि तू कोर्टात जाते म्हणालीस तेव्हा मी बरं म्हणाले... कारण मला रडू येत होतं गं.”

“आई...”

“रडत काय बसलीस? उतर! चांगला मुलगा आहे. आणि गाय आहे, म्हैस तर नाही!”

आसावरी धावत गोठ्यात शिरली. वीबे पाटीसमोर उभा होता. हातात ओलं फडकं. पुसायला धजत मात्र नव्हता.

“हात लावू नकोस त्याला!”

तो वळला. “आसावरी, मी चुकलो. आधी विचारायला हवं होतं. पण तू ते नाव हवेत सोडणार म्हणालीस ना, त्या रात्री मला झोप आली नाही.” या खेपेला शब्द त्याला आपणहून सापडत होते. “माझं तुझ्यावर प्रेम आहे. तुला काय म्हणवून घ्यायचं ते घे, मी एव्हीवरही तितकंच प्रेम करीन. पण आसावरी या नावाला या जगात एक घर असू दे, एवढंच मला...”

“रंग कुठाय?”

“अं?”

“खडूवर फिरवायचा रंग असतो ना? कुठाय?”

त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश पुढे केला. तिनं खडू फडक्यानं पुसला, आणि वीबेचा चेहरा पडला तोवर तिचा ब्रश पाटीवर टेकला होता. देवनागरीत, ठसठशीत, आडव्या रेघेसकट तिनं लिहिलं – आसावरी १. आणि मागे वळून, हाताला लागलेला रंग त्याच्या नाकाला लावत म्हणाली, “आता पुसता येणार नाही हं, बांधकर. माझंही प्रेम आहे तुझ्यावर. छत्री उघडली ना, त्या दिवसापासून.”

दुसऱ्याच दिवशी तिनं कोर्टातला अर्ज मागे घेतला. ऑफिसात बॉस तिच्या नावाआधी थांबला तेव्हा ती मान वर करून म्हणाली, “चारच अक्षरं आहेत. सावकाश घ्या, मी थांबते.” आणि खरोखर, हसत, सगळ्या मीटिंगसमोर थांबली. त्यानं घेतली, चारही. लाज वाटायची ती वाटलीच नाही.

पुढच्या रविवारी कालवडीचं बारसं झालं. होय, बारसं! सुमेधाताईंनी एकदा मनावर घेतल्यावर कोण अडवणार? घुगऱ्या झाल्या. डच रिवाजाप्रमाणे बडीशेपेच्या गुलाबी गोळ्या पसरलेले टोस्टही झाले. कानात नाव सांगायचा मान बेप्पेचा. तिनं कालवडीच्या कानात “कुर्र... आसावरी” म्हटलं, आणि रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. “ही पद्धत आमच्याकडे का नाही?” म्हणून बेप्पेनं आणखी दोन मागून घेतले.

“आता तूही नाव घे,” आई म्हणाली. “उखाण्याशिवाय सुटका नाही.”

आसावरीनं पदर सावरला, वीबेकडे तिरकं पाहिलं आणि म्हणाली,

“पाटीवरचा खडू पुसला, रंग बसला पक्का,
वीबेरावांचं नाव घेते, बेप्पेनं मारला शिक्का!”

एका अक्षराचाही अर्थ न कळता सगळ्या डायक्स्ट्रांनी टाळ्या पिटल्या. अर्थ कळलेल्या सुमेधाताई मात्र डोळे पुसत गायींकडे वळल्या, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा श्रीरामची सकाळची ती सुरावट गुणगुणू लागल्या.

बाहेर भुरभुर थांबली होती. वीबे कुरणाच्या फाटकाशी गेला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडला, “आसावरी!”

पूर्ण नाव. चारही अक्षरं.

कालवडीनं कान टवकारले आणि धडपडत त्याच्याकडे निघाली. पण तिच्या आधी दुसरीच पोहोचली.